नळदुर्गची सात वर्षं

२१ मे १८५३ रोजी हैदराबादेत एक तहनामा झाला आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मालक बदलला. एका बाजूला निजाम नासिरुद्दौला होते, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट कर्नल जॉन लो, आणि त्यांच्या पाठीशी गव्हर्नर जनरल डलहौसी. वाद थकबाकीचा होता. हैदराबाद कंटिन्जंट ही फौज निजामाच्या नावाने उभी होती. तिचा खर्च निजामाच्या माथी होता, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा चालत असे. पगार थकत गेला, कंपनी उसनवार देत गेली आणि हिशेब वाढत गेला. शेवटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि पश्चिम सरहद्दीवरचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख यांचा वसूल या फौजेसाठी कंपनीच्या हाती लावून देण्यात आला. करारात गावोगावच्या पाटील-कुळकर्ण्यांचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. पण ज्या वसुलावर करार उभा होता, तो त्यांच्याच दप्तरातून यायचा.

या मुलखाचा कारभार नळदुर्गहून चालला. जागा नीट निवडलेली आहे. सोलापूर तेव्हा कंपनीचंच, आणि सोलापूरहून हैदराबादकडे जाणारी वाट नळदुर्गवरून जाते. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की बालाघाटाची धार स्पष्ट दिसते. तिच्या एका अंगाचं पाणी बोरी आणि सीनेतून भीमेला, म्हणजे पुढे कृष्णेला जातं. दुसऱ्या अंगाचं तेरणेतून मांजरेला आणि तिथून गोदावरीला. दोन मोठ्या नद्यांच्या मधली ही जलविभाजक धार, आणि तरी मुलूख कोरडा. इथल्या प्रत्येक सत्तेला पाण्याचा विचार करावा लागला, आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा कागदावर नाही, दगडावर आहे.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीवर जो बांध आहे, त्यावरचा फारसी शिलालेख हिजरी १०२२, म्हणजे इ.स. १६१३ सालचा. दुसरा इब्राहिम आदिलशहा तेव्हा विजापूरच्या गादीवर होता आणि बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ यांना हा बांध जोडतो. त्याच्या पोटात पाणीमहालाच्या खोल्या आहेत. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं आणि आतल्या खोलीत बसलेला माणूस कोरडा राहतो. पर्यटक हे दृश्य पाहायला येतात, आणि यावंच. पण इतिहास लिहिणाऱ्याला यात आणखी एक गोष्ट दिसते: बांधणाऱ्याचं नाव आणि साल दोन्ही जागेवर टिकलेलं असणं. मध्ययुगातल्या किती बांधकामांबद्दल आपल्याला एवढं ठामपणे बोलता येतं? विजापूरची सत्ता गेली, मोगल आले, निजाम आले, कंपनी आली. मीर इमादीनचा बांध त्या सगळ्यांनी वापरला.

१८५३ साली या बांधाशेजारी राहायला आलेला डेप्युटी कमिशनर म्हणजे फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलमध्ये १८०८ साली जन्मलेला हा माणूस पोरवयात मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी पाठवला गेला आणि तिथून निजामाच्या लष्करात शिरला. कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांहून त्याचं वेगळेपण इथेच आहे. तो निजामाच्या चाकरीतून वर आलेला होता. सुरपूर संस्थानाचा कारभार त्याने बारा वर्षं सांभाळला होता आणि इकडच्या भाषा त्याला येत होत्या. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती.

१८५३ ते १८६० या सात वर्षांबद्दल आपल्याला जे सहज वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं टेलरच्याच हातचं आहे. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ साली, त्याच्या मुलीने प्रसिद्ध केलं. १८७६ साली तो वारला, म्हणजे हे लेखन आयुष्याच्या उतरणीवरचं. पुढच्या चरित्रकोशांनी त्यातूनच उचललं की टेलरने जमिनीची नवी आकारणी केली, ती रयतेला अधिक न्याय्य होती आणि सरकारलाही अधिक उत्पन्न देणारी. हे वाक्य मला थांबवतं. दोन्ही गोष्टी एकत्र घडू शकतात. मधल्या हातांची गळती थांबली किंवा पडीक जमीन वहितीखाली आली, तर कुळाचा भार हलका होऊनही खजिना भरतो. पण हा दावा कारभार करणाऱ्याचा आहे, सारा भरणाऱ्याचा नाही. टेलर प्रामाणिक होता, असं त्याचं एकूण लेखन वाचून माझं मत झालं आहे. तरी प्रामाणिक साक्षीदारही आपल्या उभ्या राहण्याच्या जागेवरूनच पाहतो. आकारणीचा खरा निवाडा गावच्या मोडी कागदांतच व्हायला हवा: कुळाची नावं, जमाबंदी, बाकी.

त्याच्या आत्मचरित्राइतकीच मोलाची वाटते ती त्याची १८६३ सालची कादंबरी, ‘तारा’. तिचा काळ १६५७, अफझलखानाच्या स्वारीच्या आगेमागेचा. तिची नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्याची विधवा मुलगी. ती देवीच्या देवळात मुरळी होते आणि पुढे खानाच्या मुलाशी तिची गाठ पडते. सतराव्या शतकासाठी हा पुरावा म्हणून चालणार नाही. कथानक कल्पित आहे आणि इंग्रज वाचकासाठी रंगवलेलं आहे. मात्र एकोणिसाव्या शतकातल्या तुळजापूरसाठी तो चालतो. टेलर तरुणपणी पोलीस खात्यात असल्यापासून या भागात वावरला होता. घाटाच्या कडेवर वसलेलं गाव, पायऱ्या उतरून जावं लागणारं देऊळ, शास्त्र्यांची घरं, देवीला वाहिलेल्या मुली: हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कारभाराच्या अहवालात बायका जवळजवळ येतच नाहीत. कादंबरीत त्या आल्या, म्हणून ती जपून का होईना, वाचावी लागते.

उत्तरेत उठाव पेटलेला असताना, ऑगस्ट १८५७ मध्ये, टेलरला तातडीने वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं गेलं. निजाम नासिरुद्दौला त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. अफझलुद्दौला गादीवर आले होते आणि दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने ठाम राहिले. त्याचं बक्षीस डिसेंबर १८६०च्या तहात मिळालं. सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, बंडात बुडालेलं सुरपूर निजामाला दिलं गेलं, आणि धाराशिव व रायचूर दोआब परत करण्यात आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवलं. कचेरी नळदुर्गला असूनही या तहात मुलखाचं नाव ‘धाराशिव’ असंच आहे, ही नोंद पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगी.

कारण पुढे नाव बदललं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून उस्मानाबाद हे नाव पडलं, आणि ते १९११ साली गादीवर आले. म्हणून नामांतर त्यांच्या कारकिर्दीतलं, असं पुष्कळदा लिहिलं जातं. १९०८चं इम्पीरियल गॅझेटियर उघडून पाहावं. गुलबर्गा विभागातल्या जिल्ह्यांत ‘उस्मानाबाद’ हे नाव तिथे आधीच छापलेलं आहे. तेव्हा निजाम होते महबूब अली खान. म्हणजे नाव दिलं गेलं ते युवराजाचं, बापाच्या राज्यात. २०२३ साली नाव पुन्हा धाराशिव झालं. त्या वादात दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. गॅझेटियरचं ते पान पुढे आलेलं माझ्या वाचनात नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानावर सोलापूरहून निघाली आणि पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. १८५३ साली जी वाट सोयीची होती, तीच याही वेळी होती. बोरीवरचा पूल हाती आला आणि रस्ता मोकळा झाला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार इथल्या हिंदू कुटुंबांच्या आठवणींत आहेत, आणि ते लिहिलेही गेले. फौजेच्या या कारवाईनंतर मुसलमानांचं काय झालं, ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोंदवलं. समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे ठरवले आणि या चारांतल्या मृतांचा आकडा १८ हजारांहून कमी नसावा, असा अंदाज दिला. सरकारने हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. जिल्ह्याचा इतिहास लिहिताना पहिली साक्ष घ्यायची आणि दुसरी गाळायची, किंवा उलट करायचं, हे मला मान्य नाही. अहवालात अशीही नोंद आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. त्या विणकरांची नावं आणि गावं शोधायची तर आता घरोघरी विचारत जावं लागेल, आणि ती माहिती सांगू शकणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेलेली आहे.