पुड्यामागच्या चौकटीची कुळकथा

वाशिमच्या किराणा दुकानात सोयावडीचा पुडा उलटा करून बघा. मागे बारीक अक्षरांत एक चौकट असते : 100 ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, सोडियम. खरिपात इथलं शिवार सोयाबीननं भरतं. तेच धान्य वडी होऊन, अंगावर आकडे लेवून दुकानात येतं.

या आकड्यांचं कूळ शोधत गेलं की आपण तमिळनाडूतल्या कुन्नूरला पोचतो. 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिथे एका खोलीत बेरीबेरी या आजाराचा अभ्यास मांडला. त्या खोलीची पुढे पोषण प्रयोगशाळा झाली, आणि 1937 मध्ये वॉलेस एक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. प्रयोगशाळा 1958 ला हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचा पोषणमूल्यांवरचा 1971 चा ग्रंथ पुढे आहारतज्ज्ञांचा रोजचा आधार झाला. त्याच्या कोष्टकात सोयाबीनची प्रथिनं होती 100 ग्रॅममागे 43.2 ग्रॅम. देशाच्या सहा विभागांतले नमुने तपासून 2017 साली 528 पदार्थांचं नवं कोष्टक आलं, त्यात पांढऱ्या सोयाबीनचा आकडा 38 च्या आत उतरला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. वाण, नमुना, तपासणीची रीत बदलली की आकडाही हलतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

पण कोष्टकात असतं ते धान्य. पुड्यात असते कंपनीची कृती. नियमांनुसार पाकिटावर पोषणमाहिती छापावी लागते, तरी ती पाकिटागणिक विखुरलेली. अशी माहिती एकत्र करायला फ्रान्समध्ये स्तेफान जिगांदे यांनी 2012 मध्ये ओपन फूड फॅक्ट्स हा खुला माहितीसाठा सुरू केला. जगभरातली साधी माणसं फोटो काढून त्यात भर घालतात, आणि नोंदीची किल्ली असते बारकोड. आपल्याकडे नोंदवलेला क्रमांक 890 नं सुरू होतो.

बचत गटाच्या पापडाच्या पुडीवर बारकोड नसला की ही किल्ली लागत नाही. इथला केवढा तरी खाऊ असाच नोंदीबाहेर राहतो, याची मला खंत वाटते.

सोयावडीच्या पुड्याला मात्र बारकोड होता. नोंदीच्या फोटोत चकाकी पडू नये म्हणून मी पुडा दाराशी उजेडात तिरका धरला. एक फोटो समोरचा, एक घटकांचा, एक चौकटीचा. नावाच्या रकान्यात देवनागरीत लिहिलं : सोयावडी.