घटस्फोट झाला की इन्कम टॅक्सचं काय होतं? पोटगी, फ्लॅट आणि मुलांच्या नावावरची एफडी

एखाद्या सेलिब्रिटीच्या घटस्फोटाची बातमी आली की सोशल मीडियावर दोनच प्रश्न रंगतात. किती कोटी मिळाले, आणि ते मिळायला हवे होते का. त्या पैशांवर टॅक्स कोण भरणार हा तिसरा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. गंमत म्हणजे ज्यांचा घटस्फोट चाललाय त्यांनाही तो पडत नाही. वकील पोटगीचा आकडा बघतात, आणि माणूस सीएकडे जातो तो जुलैमध्ये, रिटर्न भरायच्या घाईत. तोवर कन्सेंट टर्म्सवर सह्या होऊन गेलेल्या असतात.

आधी एक हिशोब बघा. समजा एका नोकरदार बाईचा वर्षाचा पगार ९ लाख ७५ हजार आहे. नव्या कर प्रणालीत ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वजा केली की ९ लाख उरतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेट मिळते, म्हणजे तिचा टॅक्स शून्य. आता तिला कोर्टाने महिना ४० हजार पोटगी मंजूर केली. वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. एकूण उत्पन्न १३ लाख ८० हजार, १२ लाखांची रेषा ओलांडली, रिबेट गेली. टॅक्स ८७ हजार, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ९०,४८० रुपये. महिन्याला ४० हजार मिळतात असं वाटत असतं, पण हातात राहतात साधारण साडेबत्तीस हजार.

हीच रक्कम तिने एकरकमी घेतली असती, तर त्यावर टॅक्स लागला नसता.

एकरकमी आणि महिन्याची, एवढा फरक का?

प्राप्तिकर कायद्यात पोटगीबद्दल सरळ असं एकही कलम नाही. जे काही आहे ते कोर्टाच्या निकालांतून आलंय. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा, १९८३ चा. प्रतापगडच्या राजकुमारी महेश्वरी देवी यांना घटस्फोटाच्या वेळी काही रक्कम एकदम आणि काही रक्कम दरमहा मिळाली होती. कोर्टाने दोन्हींचा वेगवेगळा विचार केला. एकदम मिळालेली रक्कम ही भांडवली स्वरूपाची, म्हणजे ते उत्पन्न नव्हे, म्हणून टॅक्स नाही. दरमहा येणारी रक्कम मात्र नियमित मिळकत, म्हणून ती करपात्र. आजही सगळे सीए याच निकालाचा आधार घेतात.

दरमहाची पोटगी रिटर्नमध्ये ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या सदरात दाखवायची असते. त्यावर स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, कारण तो पगार नाही. माजी नवरा पैसे देताना टीडीएस कापत नाही, त्यामुळे वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर तुम्हालाच भरायचा असतो. तो चुकला की व्याज लागतं.

ज्या बाईला पोटगीशिवाय दुसरं उत्पन्न नाही, तिला मात्र घाबरायचं कारण नाही. महिना ५० हजार म्हणजे वर्षाचे ६ लाख, रिबेटमुळे टॅक्स शून्य. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावाच लागतो, टॅक्स शून्य असला तरी.

एकरकमी रकमेबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवा. रक्कम करमुक्त असली तरी ती बँकेत ठेवल्यावर मिळणारं व्याज करपात्रच. दुसरं, एकूण रक्कम तीन-चार टप्प्यांत मिळणार असेल तर हुकूमनाम्यात एकूण आकडा आधी ठरवून लिहिलेला हवा, आणि टप्पे फक्त देण्याच्या सोयीसाठी आहेत हे स्पष्ट हवं. नाहीतर ती दरमहाची पोटगीच आहे असं खात्याला म्हणता येतं. तिसरं, रोख घेऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर जेवढी रक्कम तेवढा दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो. कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची प्रत जपून ठेवा. खात्यात एकदम वीस लाख दिसले की विचारणा होऊ शकते.

थकलेल्या पोटगीबद्दलही एक निकाल आहे. माजी नवऱ्याने दरमहाची रक्कम दिलीच नाही आणि नंतर त्याबदल्यात एकदम पैसे दिले, अशा प्रकरणात २०१३ मध्ये दिल्लीच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने ते पैसे करपात्र नाहीत असं ठरवलं. म्हणून थकबाकी मुद्दाम साठू द्यावी असं मात्र नाही.

देणाऱ्याला काही सूट मिळते का?

नाही. एक रुपयाचीही नाही.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय, आणि तोही मुंबईतूनच. सीतलदास तीरथदास यांनी बायकोला आणि मुलांना कोर्टाच्या हुकूमनाम्यानुसार दिलेले पैसे आपल्या उत्पन्नातून वजा करून मागितले होते. एका वर्षाचे १,३५० रुपये आणि पुढच्या वर्षाचे १८,००० रुपये. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये ते फिरवलं. कोर्टाचं म्हणणं असं: पैसे आधी तुमच्या हातात आले, ते तुमचं उत्पन्न झालं, आणि मग तुम्ही ते एका जबाबदारीपोटी खर्च केले. पैसा तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच दुसरीकडे वळला असता तर गोष्ट वेगळी होती.

याचा अर्थ असा की ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला ४० हजार पोटगी द्यायची तर त्यासाठी सुमारे ५८ हजार कमवावे लागतात. आणि तेच ४० हजार पुढे तिच्या हातात पुन्हा करपात्र. एकाच पैशावर दोनदा टॅक्स. हे न्याय्य आहे असं आम्हाला वाटत नाही, पण कायदा आज असाच आहे. पोटगीची बोलणी करताना दोन्ही बाजूंनी हा आकडा समोर ठेवला तर भांडण थोडं कमी होईल, कारण दरमहाच्या पोटगीत दोघांचंही नुकसान आहे.

नुसतं वेगळं राहत असाल तर?

आपल्याकडे नवरा-बायकोचा रिटर्न वेगवेगळाच असतो. त्यामुळे वेगळं राहायला लागल्याने किंवा घटस्फोटाने स्लॅब बदलत नाही. बदलतं ते दोघांमधलं ‘नातं’, आणि टॅक्सच्या कायद्यात नात्याला फार किंमत आहे.

हुकूमनामा होईपर्यंत, अगदी न्यायिक विभक्ततेचा आदेश झाला असला तरी, तुम्ही पती-पत्नीच असता. पती-पत्नी एकमेकांचे ‘नातेवाईक’, त्यामुळे आपापसात दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला टॅक्स नाही. घटस्फोट झाला की हे नातं संपतं. त्यानंतर वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून दिली तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते.

क्लबिंगचा नियमही याच नात्यावर उभा आहे. नवऱ्याने बायकोच्या नावावर एफडी केली, तर त्याचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पण कलम ६४ मध्ये एक अपवाद आहे, जो फार कमी लोकांना माहीत असतो: वेगळं राहण्याच्या कराराचा भाग म्हणून मालमत्ता दिली असेल, तर क्लबिंग होत नाही. त्यासाठी घटस्फोट व्हायची गरज नाही. करार मात्र लेखी हवा, आणि बक्षीसपत्रात त्या कराराचा उल्लेख हवा.

लग्नात माहेरून मिळालेले दागिने, म्हणजे स्त्रीधन, परत मिळाले तर ते उत्पन्न नाही. ते तिचेच होते. विकले तर भांडवली नफ्याचा प्रश्न येतो, तेवढाच.

फ्लॅटचं काय?

सगळ्यात मोठी रक्कम इथेच अडकलेली असते, आणि चुकाही इथेच होतात.

फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो बायकोला द्यायचा ठरलंय, तर हुकूमनाम्याच्या आधी बक्षीसपत्र करणं बहुतेक वेळा सोपं पडतं. घेणाऱ्याला टॅक्स नाही, आणि खरोखर भेट असेल तर देणाऱ्याला भांडवली नफाही नाही. शिवाय महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीने एकमेकांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. शहरांत स्थानिक अधिभार वेगळा लागतो. घटस्फोट झाल्यावर तीच व्यक्ती ‘पत्नी’ राहत नाही, आणि ही सवलत जाते. प्राप्तिकर खातंही मग रेडी रेकनरच्या किमतीवर बोट ठेवू शकतं. कोर्टाच्या हुकूमनाम्यानुसार मिळालेलं घर ही भेट नव्हे, वैवाहिक हक्कांची तडजोड आहे, असं तिथे मांडता येतं. पण ते मांडत बसण्यापेक्षा तारखा आधी जुळवलेल्या बऱ्या.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेतला, तर ती सरळ विक्री. कागदाला हक्कसोडपत्र म्हणा नाहीतर काही म्हणा, पैसे हातात पडले की भांडवली नफा मोजायचा. समजा फ्लॅट दोघांनी मिळून ५० लाखांना घेतला होता, आज त्याची किंमत १ कोटी २० लाख. नवऱ्याने आपला अर्धा हिस्सा बायकोला ६० लाखांना दिला. त्याची खरेदी २५ लाखांची, नफा ३५ लाख. १२.५ टक्क्यांनी ४ लाख ३७ हजार ५०० आणि सेस धरून ४ लाख ५५ हजार टॅक्स. (फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल तर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, दोन्ही करून बघा.) त्याने दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर कलम ५४ खाली हा टॅक्स वाचू शकतो. आणि रक्कम ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने बायकोने १ टक्का, म्हणजे ६० हजार रुपये, टीडीएस कापून भरायचा असतो. हा टीडीएस विसरला की नोटीस येते ती तिला.

ज्याला घर भेट म्हणून मिळालं, त्याने पुढे ते विकलं तर खरेदी किंमत मूळ मालकाचीच धरतात. २००५ साली १५ लाखांना घेतलेला फ्लॅट ‘मिळाला’ म्हणजे त्यामागे लपलेला टॅक्सही मिळाला. वाटणी करताना ६० लाखांची एफडी आणि ६० लाखांचा जुना फ्लॅट सारखे नसतात ते यामुळे.

गृहकर्जाचं एक वेगळंच. घटस्फोट झाला म्हणून बँक सहकर्जदाराला सोडत नाही. पण घरातली मालकी सोडून फक्त हप्ते भरत राहिलात, तर व्याजाची वजावट मिळत नाही, कारण त्यासाठी मालक असावं लागतं.

मुलांच्या नावावरचे पैसे

मुलांसाठी बापाने दिलेला खर्च हा आईचं उत्पन्न नाही. नवरा-बायकोचं नातं तुटलं तरी बाप-लेकाचं तुटत नाही, त्यामुळे मुलाच्या हातातही त्यावर टॅक्स नाही. म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये ‘पत्नी व मुलांसाठी मिळून ४० हजार’ असं मोघम लिहिण्यापेक्षा तिचे किती आणि मुलांचे किती हे वेगळं लिहून घ्या.

अल्पवयीन मुलाच्या एफडीचं व्याज एरवी आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. लग्न संपल्यावर मात्र ज्याच्याकडे मूल सांभाळायला आहे त्याच्या उत्पन्नात. बापाने लेकीच्या नावावर २० लाखांची एफडी केली आणि लेक आईकडे राहते, तर त्या व्याजाचा टॅक्स आई भरते. ती एफडी तिला मोडताही येत नसली तरी.

गोव्यात हिशोब वेगळा

घटस्फोटाने स्लॅब बदलत नाही असं वर म्हटलं, त्याला गोवा अपवाद आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते. म्हणून कलम ५अ नुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवतात. एखाद्या जोडप्याच्या दुकानाचा नफा १६ लाख असेल तर प्रत्येकी ८ लाख, आणि आजच्या रिबेटमध्ये दोघांचाही टॅक्स शून्य. घटस्फोटानंतर दुकान एकाकडे गेलं, की सगळे १६ लाख त्याच्याच नावावर आणि टॅक्स १ लाख २४ हजार ८००. दुकानाची किंमत ठरवताना हा आकडाही धरायला हवा.

नातेवाईक अमेरिकेत असतील तर तिथले नियम इथे लावू नका. तिथे ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या घटस्फोटांत पोटगी देणाऱ्याला सूट नाही आणि घेणाऱ्याला टॅक्स नाही. पण घेणारी व्यक्ती भारतात राहत असेल, तर तिकडून दरमहा येणारी पोटगी इथे करपात्रच.

वर दिलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होतोय, त्यात क्रमांक बदललेत. जुन्या निकालांत आणि नव्या फॉर्मवर वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका.

आणि एक काम आजच करा. अनेक घरांत बायकोचा रिटर्नही नवराच भरत आलेला असतो. आयकर पोर्टलवर मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, रिफंड जॉइंट खात्यात. लॉगिन करून तिन्ही बदला आणि एआयएस उतरवून घ्या. जॉइंट एफडीचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं, त्यामुळे पैसे त्याने काढून घेतले तरी व्याज तुमच्या नावावर लागलेलं असू शकतं. तसं दिसलं तर एआयएसमध्येच त्यावर हरकत नोंदवता येते.