भूमिगत पेट्रोल-टाक्या आणि भूजलाची तपासणी : एका गृहीतकाचा इतिहास

पेट्रोलची टाकी जमिनीखाली पुरण्याची प्रथा मूळची सुरक्षिततेच्या विचारातून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीबरोबर पेट्रोल शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवर आले, तेव्हा लोकांना भय होते ते आगीचे. टाकी जमिनीत पुरली म्हणजे आगीचे भय पुष्कळच कमी होते. परंतु डोळ्यांआड गेलेली वस्तू देखरेखीच्याही आड जाते, हा विचार त्या वेळी कोणाला सुचला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पेट्रोलपंपांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्या बहुसंख्य टाक्या साध्या पोलादाच्या होत्या व गंजापासून त्यांना संरक्षण नव्हते. ओलसर मातीत अशा पोलादाला दोनतीन दशकांत छिद्रे पडू लागतात. त्यामुळे १९५० ते १९७० या काळात पुरलेल्या टाक्यांचे फळ पुढील पिढीच्या पदरी पडावे, हे क्रमप्राप्तच होते.

१९८१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे एका कारखान्याच्या पुरलेल्या टाकीतून द्रावक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचल्याचे उघडकीस आले. ती टाकी पेट्रोलची नव्हती. पण १९८३ मध्ये त्या राज्याने जो कायदा केला, त्यात पेट्रोलच्या टाक्याही आल्या. संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने १९८४ मध्ये हा विषय हाती घेतला आणि पर्यावरण संरक्षण संस्थेचे सविस्तर नियम १९८८ मध्ये निघाले. जुन्या टाक्या सुधारण्यास अथवा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ ही मुदत ठरली.

गळती शोधणे हे काम वाटते तितके सोपे नव्हे. नियमाने टाकीच्या परीक्षेस तासाला एक दशांश गॅलन इतकी सूक्ष्म गळती ओळखण्याची अट घातली. हे प्रमाण क्षुल्लक दिसते. तथापि वर्षभरात त्याचे पावणेनऊशे गॅलन होतात. अडचण अशी की पेट्रोल उष्णतेने फार प्रसरण पावते. दहा हजार गॅलनांच्या भरलेल्या टाकीचे तापमान एका अंशाने उतरले, तर सुमारे दहा गॅलन ‘नाहीसे’ होतात. म्हणजे एक शतांश अंशाचा फरकदेखील कायद्यातील गळतीच्या तोडीचा ठरतो. टाकीला छिद्र आहे की पेट्रोल केवळ थंड झाले आहे, हा निर्णय करण्यातच तंत्रज्ञांचे पुष्कळसे कौशल्य खर्ची पडे. पंपचालकाच्या रोजच्या हिशेबवहीतील तूट तर अनेकदा बाष्पीभवनाच्या नावे टाकली जाई.

पेट्रोल मातीत शिरले म्हणजे ते प्रथम खाली झिरपते, काही अंश मातीच्या कणांना चिकटून राहतो, आणि उरलेले भूजलाच्या पातळीवर पाण्याहून हलके म्हणून तरंगते. ऋतुमानाप्रमाणे पाणी वरखाली होते, त्याबरोबर हा थरही मातीला माखत जातो. तपासनीस मातीतील हवेचे नमुने घेऊन वाफेचा माग काढतात, भोके पाडून मातीचे नमुने काढतात, आणि किमान तीन निरीक्षण-विहिरींतील पाण्याच्या पातळ्यांवरून प्रवाहाची दिशा ठरवितात. दोन विहिरी त्यास पुरत नाहीत, कारण उतार असतो पृष्ठाला, रेषेला नव्हे. वेगाचे गणित ज्या नियमावर चालते, तो आंरी दार्सी याने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात मांडला होता.

प्रयोगशाळेकडे पाठविलेल्या नमुन्यांत शोध घेतला जाई तो मुख्यतः बेंझीन व त्याच्या भावंडांचा. बेंझीन कर्ककारक असल्याने हे योग्यच होते. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातील गळतीस्थळांच्या नोंदी तपासून १९९५ च्या ऑक्टोबरात असा निष्कर्ष काढला की, बेंझीनने दूषित झालेल्या पाण्याचा पट्टा बहुतेक ठिकाणी सुमारे अडीचशे फुटांत स्थिरावतो. मातीतील जीवाणूच त्याचा फडशा पाडतात. डिसेंबरात राज्याच्या जलमंडळाने कमी धोक्याच्या स्थळी खर्चिक शुद्धीकरण थांबविण्याचा सल्ला दिला. निष्कर्ष बेंझीनपुरता खरा होता. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टात सँटा मोनिका शहराच्या चार्नॉक विहिरींत एक निराळाच पदार्थ सापडला होता.

तो पदार्थ म्हणजे मिथिल टर्शियरी ब्युटिल ईथर, अर्थात एमटीबीई. पेट्रोलची गुणवत्ता वाढविण्यासाठी १९७९ पासून, व पुढे १९९० च्या शुद्ध-हवा कायद्यातील दुरुस्तीमुळे अधिक प्रमाणात, तो पेट्रोलमध्ये मिसळला जाई. शुद्ध बेंझीन लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही. एमटीबीई चाळीस ग्रॅमहून अधिक विरघळतो. तो मातीला फारसा चिकटत नाही, जीवाणूंनाही सहसा रुचत नाही, आणि पाण्याच्या वेगानेच वाहतो. चार्नॉक येथे दर अब्ज भागांत ६१० भागांपर्यंत त्याचे प्रमाण गेले. वस्तुतः वीस ते चाळीस भागांतच पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. १९९६ च्या जूनपर्यंत त्या विहिरी बंद झाल्या, ऑक्टोबरात आर्केडिया विहिरींचीही तीच गत झाली. शहराचा सुमारे निम्मा पुरवठा गेला व पाणी बाहेरून विकत घेणे भाग पडले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे असे स्थळ आहे. हा धोका अनपेक्षित होता काय? न्यू जर्सीतील रॉकअवे येथे १९८० मध्येच हे रसायन सार्वजनिक विहिरींत आढळले होते. मेन राज्यातील गॅरेट, मोरो व लाउरी या तीन संशोधकांनी १९८६ मध्ये एमटीबीई भूमिगत साठ्यात वापरू नये, निदान दुहेरी कवचाच्या टाकीतच ठेवावा, असे स्पष्ट लिहिले होते. इशारा छापील स्वरूपात उपलब्ध असता पुढील दशकात वापर वाढतच गेला. हवेचा कारभार पाहणारे व पाण्याचा कारभार पाहणारे यांच्या कचेऱ्या निराळ्या होत्या, हे त्याचे एक कारण खास. पण दुसरे कारण तपासणीच्या पद्धतीतच दडलेले आहे. प्रयोगशाळेच्या यादीत जे नाव नाही, ते अहवालात येत नाही; आणि अहवालात न आलेले दूषण अस्तित्वातच नाही असे मानले जाते. लिव्हरमोरच्याच संशोधकांनी १९९८ मध्ये नव्याने पाहिले, तेव्हा तपासलेल्या २३६ स्थळांपैकी ७८ टक्के स्थळी एमटीबीई मिळाला. १९९५ चा निष्कर्ष प्रामाणिक होता, पण तो जे मोजले गेले त्याचा निष्कर्ष होता.

चार्नॉकचा गुन्हेगार ठरविणे सोपे गेले नाही. विहिरींभोवती सव्वा मैलाच्या टापूत सुमारे तीस संशयित जागा होत्या. सर्वांचे पेट्रोल जवळजवळ सारखे, आणि शहराच्या उपशामुळे प्रवाहाची दिशाही विहिरींकडेच वळलेली. पंप बंद पडताच ती दिशा पुन्हा पालटली, म्हणजे तपास सुरू झाला तोवर पुराव्याची जागाच हलू लागली होती.

१९९९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. २००४ च्या आरंभापासून बंदी अमलात आली आणि त्याची जागा इथेनॉलने घेतली. चार्नॉकचे पाणी कोळशाच्या गाळण्यांतून शुद्ध होऊन सँटा मोनिकाच्या नळांना पुन्हा आले ते २०१०–११ च्या हिवाळ्यात.