ठाकुरवाडीतला दाढीवाला जर्मन

ठाकुरवाडीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. जवळच्या एका फार्महाऊसची राखण करतो. मालकांनी लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेलं कुत्रं पुढे त्याच्याच गळ्यात पडलं. राखाडी रंग, काथ्यासारखे राठ केस, जाड भुवया आणि चक्क दाढी. "गुरुजी, तुमच्यासारखाच दिसतो ना?" असं त्याच्या धाकटीने विचारलं तेव्हा मीही हसलो. पण "ठेवू का याला?" असं त्याने विचारताच बोलून गेलो, "अरे, हे श्रीमंतांचं खेळणं. तुझ्या कुडाच्या घरात कसलं टिकतंय? देऊन टाक कोणाला तरी."

घरी आल्यावर जरा वाचलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय! ही जात मिनिएचर श्नाउझर. जर्मन भाषेत 'श्नाउत्से' म्हणजे मुस्कट, त्यावरून हे नाव. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यम आकाराच्या श्नाउझरपासून ही बुटकी जात तयार केली. आफेनपिन्शर नावाच्या माकडतोंड्या कुत्र्याचं रक्तही तिच्यात असल्याचं मानतात. आणि या कुळाचा धंदा काय, तर शेतावरचे, तबेल्यातले उंदीर मारणं! म्हणजे मुळात कष्टकऱ्याचं जनावर. प्रदर्शनांचं कौतुक नंतरचं.

१८९५ साली कोलोनला पिन्शरप्रेमींचा क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईत, मांडवीला प्लेग आला. घरं धुतली, माणसं हलवली, पण उंदरांवरच्या पिसवांमधून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तिकडे शेतकरी कसलंही शास्त्र न शिकता उंदरांवर कुत्री सोडत होता. असो, विषय भरकटला.

मग मलाच चैन पडेना. आपण न विचारता, न वाचता निकाल देऊन मोकळे झालो होतो. भातकापणीनंतर मुद्दाम वाडीवर गेलो. कुत्रं दिलं तर नसेल ना, ही धाकधूक होतीच. पण स्वारी भाताच्या कणगीशी नाक लावून बसली होती. उन्हाळ्यात जीव घाबरा होऊ नये म्हणून त्या माणसाने कात्रीने केस कापले होते, अगदीच वेडेवाकडे. दाढी मात्र पोरीने कापू दिली नाही.

"औषध घालणं बंद केलंय गुरुजी," तो म्हणाला. "विषारी उंदीर खाल्ला तर हाच जायचा."