संघनिवड: तेच अकरा की आलटून-पालटून?

म्हैसूर येथील गंगोत्री ग्लेड्स मैदानावर जानेवारी २०१० मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईने तो कर्नाटकाविरुद्ध अवघ्या सहा धावांनी जिंकला. ३३८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना मनीष पांडे यांनी १४४ धावा केल्या, तरीही कर्नाटकाचा डाव ३३१ धावांवर संपला. मुंबईच्या अजित आगरकर यांनी पाच गडी बाद केले.

सचिन तेंडुलकर आणि राहुल द्रविड या सामन्यात नव्हते. त्याच महिन्यात भारतीय संघ बांगलादेशात कसोटी मालिका खेळला. दोन्ही संघांना आपल्या सर्वांत मोठ्या फलंदाजांच्या जागी इतरांना उतरवावे लागले आणि तरीही सामना अखेरपर्यंत रंगला.

व्यावसायिक खेळांत संघनिवडीचे दोन मार्ग मानले जातात. एक म्हणजे तेच खेळाडू सातत्याने खेळवणे. दुसरा म्हणजे प्रतिस्पर्धी, मैदान आणि थकवा पाहून खेळाडू आलटून-पालटून उतरवणे. दुसऱ्या मार्गाला भारतीय क्रिकेटमध्ये 'रोटेशन' म्हटले जाते. या दोहोंपैकी कोणता मार्ग श्रेयस्कर, हा वाद जुना आहे.

चार फिरकीपटू, तीन जागा

भारतीय क्रिकेटमध्ये हा प्रश्न सर्वाधिक तीव्र झाला तो १९६० आणि १९७०च्या दशकांत. हुणसूर, नंजनगूड, तिरुमकुडलु नरसीपूर अशा तालुक्यांच्या म्हैसूर जिल्ह्याशीही त्याचा संबंध आहे. भागवत चंद्रशेखर यांचा जन्म १९४५ मध्ये म्हैसूर शहरात झाला. लेगस्पिनर चंद्रशेखर आणि ऑफस्पिनर एरापल्ली प्रसन्ना हे दोघे एकाच राज्य संघाचे. डावखुरे बिशनसिंग बेदी आणि ऑफस्पिनर श्रीनिवास वेंकटराघवन यांच्यासह ही प्रसिद्ध चौकडी पूर्ण होत असे.

या चौघांनी मिळून कसोटी क्रिकेटमध्ये ८५३ बळी घेतले. त्यांपैकी बेदी यांचे २६६, चंद्रशेखर यांचे २४२, प्रसन्ना यांचे १८९ आणि वेंकटराघवन यांचे १५६ होते. मात्र चौघे एकाच कसोटीत खेळले ते केवळ एकदा, जुलै १९६७ मध्ये बर्मिंगहॅम येथील एजबॅस्टन मैदानावर. मन्सूर अली खान पतौडी यांच्या नेतृत्वाखालील भारताने तो सामना १३२ धावांनी गमावला.

त्यानंतर चौघांपैकी किमान एकाला बाहेर बसावे लागणे हा नियमच झाला. १९६७-६८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर चंद्रशेखर यांना १९७१च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्या दौऱ्यात कर्णधार अजित वाडेकर यांनी बेदी, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्यावर भिस्त ठेवली. ओव्हल कसोटीच्या दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय आणि पहिली मालिका मिळवली.

प्रसन्ना त्या संघासमवेत होते. परंतु मालिकेतील तिन्ही कसोटींत त्यांना संधी मिळाली नाही.

वेंकटराघवन यांचा अनुभव आणखी विलक्षण होता. डिसेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या दिल्ली कसोटीत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. पुढच्याच कोलकाता कसोटीत ते अंतिम अकरांतून वगळले गेले.

स्थिर संघाची किंमत

संघ स्थिर ठेवण्याचे फायदे स्पष्ट आहेत. सलामीच्या जोडीला एकमेकांच्या धावण्याचा अंदाज येतो, स्लिपमधील क्षेत्ररक्षकांना गोलंदाजाची सवय होते आणि एका अपयशाने जागा जाणार नाही, हा विश्वास खेळाडूला मिळतो. इंग्लंडमधील ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबने १९८०-८१चे लीग विजेतेपद संपूर्ण हंगामात केवळ १४ खेळाडू वापरून मिळवले होते. अमेरिकी बेसबॉलमध्ये बाल्टिमोर ओरिओल्स संघाचे कॅल रिपकेन १९८२ ते १९९८ या काळात सलग २६३२ सामने खेळले.

परंतु एकाची जागा निश्चित असणे म्हणजे दुसऱ्याचे दार बंद असणे. बेदी खेळत होते त्या काळात मुंबईचे पद्माकर शिवलकर आणि हरयाणाचे राजिंदर गोयल हे दोन डावखुरे फिरकीपटू देशांतर्गत क्रिकेटमध्ये सातत्याने गडी बाद करीत होते. शिवलकर यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ आणि गोयल यांनी ७५० बळी घेतले. दोघांनाही एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल यांचे २०२० मध्ये आणि शिवलकर यांचे २०२५ मध्ये निधन झाले.

मुंबईची राखीव फळी

मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. याचे श्रेय सहसा नामवंत फलंदाजांना दिले जाते. तथापि १९७०-७१च्या हंगामाचे उदाहरण वेगळे आहे. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे भारतीय संघासमवेत वेस्ट इंडीजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या खेळाडूंनी अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवले.

मुंबईची ही मालिका १९७३-७४ मध्ये खंडित झाली. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखालील कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईवर पहिल्या डावातील आघाडी मिळवली आणि पुढे आपला पहिला रणजी करंडक पटकावला. भारतीय संघात ज्यांच्यापैकी कोणाला घ्यावे असा प्रश्न वारंवार पडत असे, ते प्रसन्ना आणि चंद्रशेखर राज्याच्या संघात मात्र एकत्र खेळत होते.

तुकड्यांचे गणित

खेळाडू आलटून-पालटून वापरण्याची पद्धत बेसबॉलमध्ये शास्त्रासारखी विकसित झाली. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्यासमोर डावखुरा फलंदाज आणि डावखुऱ्यासमोर उजवा फलंदाज उतरवायचा, हे तिचे मूळ सूत्र. एकच जागा दोघे वाटून घेतात. या पद्धतीला तेथे 'प्लॅटून', म्हणजे तुकडी, असे म्हणतात. केसी स्टेंगेल यांनी न्यूयॉर्क यँकीज संघात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला आणि १९४९ ते १९५३ अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली.

मराठी वाचकांना तुकडीची कल्पना खो-खोमुळे परिचित आहे. संरक्षण करणारे खेळाडू तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी आत येते. कोणती तुकडी आधी पाठवायची, हा डावपेचाचा भाग असतो आणि बाहेर थांबलेल्या खेळाडूला आपली पाळी येणार हे ठाऊक असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय महिला संघाने नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या चैत्रा बी. या म्हैसूर जिल्ह्यातील कुरुबूर गावच्या आहेत.

विश्रांती की वगळणे?

क्रिकेटमध्ये मात्र बाहेर बसणे आणि वगळले जाणे यांतील सीमारेषा अनेकदा पुसट असते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील तिरंगी मालिकेत महेंद्रसिंग धोनी यांनी सचिन तेंडुलकर, वीरेंद्र सेहवाग आणि गौतम गंभीर यांना आलटून-पालटून खेळवले. क्षेत्ररक्षणाचा मुद्दा पुढे करण्यात आला आणि त्यावरून मोठा वाद झाला. भारत अंतिम फेरीत पोहोचू शकला नाही.

वेगवान गोलंदाजांच्या बाबतीत कारण शारीरिक आहे. पाठीच्या दुखापतीमुळे जसप्रीत बुमराह २०२५च्या चॅम्पियन्स करंडकाला मुकले. त्यानंतर इंग्लंड दौऱ्यात ते पाचपैकी तीनच कसोटी खेळतील, हे आधीच ठरवण्यात आले. भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोटींत बुमराह नव्हते. एजबॅस्टनवर त्यांच्या जागी आलेल्या आकाश दीप यांनी सामन्यात दहा गडी बाद केले आणि भारताने त्या मैदानावर पहिला कसोटी विजय नोंदवला. दुसरीकडे मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळले आणि त्यांनी २३ बळी घेतले. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. एकाच मालिकेने दोन्ही मार्गांच्या बाजूने पुरावा दिला.

हा प्रश्न उत्पन्नाचाही आहे. कसोटी सामन्याचे मानधन १५ लाख रुपये असून अंतिम अकरांत नसलेल्या खेळाडूला त्याच्या निम्मे मिळते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार हंगामातील ७५ टक्क्यांहून अधिक कसोटींत खेळणाऱ्यास प्रत्येक सामन्यामागे ४५ लाख रुपये अतिरिक्त दिले जातात. अर्ध्याहून कमी सामने खेळणाऱ्यास हा लाभ मिळत नाही.

सांगून केलेला बदल

महिलांच्या २०२५च्या एकदिवसीय विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध जादा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्ज यांना बाहेर ठेवण्यात आले. पुढच्याच सामन्यात त्या परतल्या आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांनी नाबाद १२७ धावा केल्या. प्रतिका रावल जायबंदी झाल्याने बोलावण्यात आलेल्या शफाली वर्मा यांनी नवी मुंबईतील अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन गडीही बाद केले. भारताने विश्वचषक जिंकला. या संघाचे प्रशिक्षक मुंबईचे अमोल मुझुमदार होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा करूनही ते स्वतः भारताकडून कधी खेळू शकले नव्हते.

या सर्व उदाहरणांतून कायम संघ किंवा फिरता संघ, यांपैकी एकच उत्तर निघत नाही. मात्र बदल यशस्वी ठरलेल्या ठिकाणी दोन गोष्टी आढळतात: राखीव फळी खरोखर सक्षम असते आणि जागा सोडण्यामागचे कारण खेळाच्या गरजेत स्पष्ट दिसते. सुधीर नाईक यांच्या संघापाशी पहिली गोष्ट होती. बुमराह यांच्या बाबतीत दुसरी पाळली गेली. शिवलकर आणि गोयल यांच्या वाट्याला मात्र केवळ प्रतीक्षा आली.

हुणसूरसारख्या तालुक्यातून जिल्ह्याच्या आणि पुढे राज्याच्या संघाकडे पाहणाऱ्या खेळाडूसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. संघात त्याची निवड होणे ही पहिली पायरी असते. बाहेर बसवले गेल्यास ते का आणि कोठवर, हे त्याला कळणे त्याच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने तितकेच आवश्यक ठरते.