वीस गोळ्या, वीस वेध

मंडळी, लांब पट्ट्या पायांत बांधून बर्फावरून धावायचं आणि छाती भात्यासारखी हलत असताना थांबून बंदुकीचा नेम धरायचा, असा बायॅथलॉन नावाचा एक खेळ आहे. २० किलोमीटरांच्या शर्यतीत २० गोळ्या. निशाण ५० मीटरांवर. पालथं पडून झाडताना ते अवघं साडेचार सेंटिमीटरांचं! एक गोळी चुकली, की वेळेत एका मिनिटाची भर.

१९९८ साली जपानातल्या नागानो ऑलिंपिकमध्ये इटलीच्या पिएरालबेर्तो काराराची एकही गोळी चुकली नाही. नॉर्वेच्या हानेवोल्डची एक चुकली. पण ते मिनिट त्यानं पायांनी भरून काढलं आणि साडेपाच सेकंदांनी सुवर्णपदक नेलं.

१९९० व १९९३ मध्ये कारारा इटलीच्या जगज्जेत्या रिले संघात होता. ऑलिंपिक पदक मात्र हे एकच, रौप्य. गुरुजी, मुलांना पहिल्याचं नाव सांगालच. वीसही निशाणं टिपणाऱ्याचंही सांगा.