नमुना-खेळ (व्हिडिओ गेमचे अपूर्ण नमुने)

बाजारात येण्यापूर्वी चाचणीसाठी, वार्ताहरांना किंवा व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी बनवलेली व्हिडिओ गेमची अर्धवट आवृत्ती. हे नमुने शोधून, जपून, त्यांतील वगळलेला भाग उलगडण्याचा छंद १९९० च्या दशकात रुजला. १९८०–९० च्या दशकांतील कार्ट्रिजचे नमुने बहुधा ईप्रॉम चिपवर असत. या चिपला वर क्वार्ट्झ काचेची खिडकी असते. अतिनील किरण आत गेले की मजकूर पुसला जातो, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावतात. ती निघाली, तर एखाद्या खेळाची जगातील एकमेव प्रतही नष्ट होऊ शकते. पट्टी शाबूत असली, तरी चिपमधील विद्युतभार काही दशकांत झिरपतो. म्हणून मिळालेला नमुना कपाटात ठेवण्याआधी त्याची प्रत संगणकावर उतरवणे हेच संग्राहकाचे पहिले कर्तव्य.

‘सोनिक द हेजहॉग २’च्या (१९९२) नमुन्यात ‘हिडन पॅलेस’ हा गाळलेला टप्पा सापडला. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत तो पूर्ण झाला. निन्टेंडोने रद्द केलेला ‘स्टार फॉक्स २’ अधिकृतपणे २०१७ मध्येच खेळाडूंच्या हाती आला.

भारतात १९९० च्या दशकात घराघरांत पोहोचल्या त्या ‘टीव्ही गेम’च्या नकली कॅसेटी, म्हणजे कार्ट्रिज. त्या नमुने नव्हेत, पण जपण्याची निकड तीच. गोव्यातील पेडणे-डिचोलीच्या पावसाळी दमटपणात कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी तिथे अत्यावश्यक.